तुमची उभारी किती? ताण पेलायची स्वतःची ताकद वहीत कशी मोजावी

अण्णांना अर्धांगाचा झटका आला तो फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. मी नागरी सहकारी बँकेत काम करते, म्हणजे पुढे मार्चअखेर उभीच होती. पहाटे पाचला उठून अण्णांचं सगळं आवरायचं, साडेनऊला शाखा गाठायची, संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट येणार तेव्हा घरी हजर असायचं आणि रात्री वसुलीच्या याद्या घेऊन बसायचं. सहा आठवड्यांत एक रजा घेतली नाही. जो तो म्हणायचा, "खंबीर आहेस हो तू." मलाही तसंच वाटत होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं जरा निवळलं. अण्णा काठी धरून चार पावलं टाकायला लागले, ताळेबंद वर गेला. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी काउंटरवर बसले असताना समोरच्या पासबुकातला आकडा तीनदा वाचूनही मला कळेना. त्या संध्याकाळी मुलाच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं, तर मी अशी ओरडले की पोरगं दोन दिवस माझ्याजवळ फिरकलं नाही.

ज्या समुपदेशक बाईंकडे मी गेले, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती सोसलंत ते कळलं. सोसून झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखी झोप लागायला किती दिवस लागतात तुम्हाला?"

मला उत्तर देता आलं नाही. या लेखातली पद्धत त्या प्रश्नातून तयार झाली. गेली चार वर्षं मी ती वापरते आहे, शाखेतल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांना करायला लावली आहे. काही भाग जुन्या, नावाजलेल्या चाचण्यांमधून घेतला आहे, काही वही भरता भरता सुचलेला आहे.

नेमकं काय मोजायचं?

आपल्याकडे सोशिकपणाला फार मान आहे, विशेषतः बाईच्या. पण सोसणं आणि उभारी धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत कर्जखातं चांगलं की वाईट हे कर्जाच्या रकमेवर ठरत नाही. पाच लाखांचं खातं थकतं आणि पन्नास लाखांचं सुरळीत चालतं. हप्ता वेळेवर परत येतो का, ते पाहायचं. ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक धरतात. माणसाचंही मी तसंच पाहते. ताण किती मोठा हा पहिला आकडा. त्याने आपण किती वाकलो हा दुसरा. आणि वाकल्यावर पूर्वपदावर यायला किती वेळ लागला हा तिसरा. तिसरा आकडा म्हणजे उभारी, आणि नेमका तोच कोणी लिहून ठेवत नाही.

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असे वेगवेगळे त्रास दिले तरी शरीराची प्रतिक्रिया एकाच वळणाने जाते, असं त्याला दिसलं होतं. त्याने तीन टप्पे सांगितले: आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार, शेवटी थकवा. मला यातला मधला टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रतिकाराच्या टप्प्यात माणूस बाहेरून उत्तम दिसतो. कामं होतात, चेहरा शांत असतो, लोक कौतुक करतात. आत मात्र साठा संपत असतो. मी मार्चभर तिथेच होते. म्हणून "मला काही होत नाही" या वाक्यावर विसंबून स्वतःला गुण देऊ नका. वही काढा.

सुरुवातीची तयारी

शंभर पानी साधी वही पुरते. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण माझा अनुभव असा की मोबाइल उघडला की नोंद राहून जाते आणि भलतंच वाचत बसतो. एकूण १४ दिवस लागतील, रोज सकाळी दोन मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं. त्याशिवाय एखाद्या रविवारची दुपार मोकळी ठेवा.

दिवस निवडताना भर संकटात सुरू करू नका. घरात कोणी दवाखान्यात असेल, नुकताच मृत्यू झाला असेल, तर आधी ते निभावून न्या. दिवाळीच्या सुट्टीतही नको, तेव्हाचे आकडे फसवे येतात. नेहमीसारखे, जरा कटकटीचे दोन आठवडे सर्वांत चांगले.

वही कोणाला दाखवायची नाही, हे घरात आधीच सांगून टाका. कोणी वाचेल अशी धास्ती असली की माणूस खोटं लिहितो.

पायरी १: डोक्यावरचा भार लिहून काढा

रविवारच्या दुपारी हे करा. दोन याद्या करायच्या. पहिलीत गेल्या १२ महिन्यांतल्या मोठ्या घटना, दुसरीत रोजची टोचणी.

मोठ्या घटनांसाठी थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघांनी १९६७ मध्ये एक यादी केली होती. तिच्यात ४३ घटना आहेत आणि प्रत्येकीला गुण आहेत. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, निवृत्ती ४५. नाताळालासुद्धा १२ गुण आहेत! चांगल्या गोष्टींचाही भार होतो, हे त्या यादीने नीट दाखवलं. आपल्याकडे घरात गणपती बसतात, बहिणीचं लग्न निघतं, घराचं बांधकाम काढतात, तेव्हा हौसेच्या कामात कोणी ताण मोजत नाही आणि नंतर पंधरा दिवस अंग का दुखतं ते कळत नाही. यादीतले गुण जसेच्या तसे घेऊ नका, ती अमेरिकेतल्या माणसांसाठी केलेली होती. सासरे कायमचे राहायला आले, सामाईक जमिनीची वाटणी निघाली, मुलाला बारावीला कमी मार्क पडले, या गोष्टी तिच्यात सापडणार नाहीत. तुमच्या घटनांना तुम्हीच १० पैकी भार द्या.

दुसरी यादी लिहिताना कंजुषी नको. नळाला एक दिवसाआड येणारं पाणी, लोकलची गर्दी, साहेबांचे रात्री साडेदहाचे मेसेज, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा, फ्लॅटचा हप्ता, शेजारच्या बोअरचा आवाज. माझ्या पहिल्या वहीत अशा २३ ओळी निघाल्या. त्यातल्या नऊ गोष्टींबद्दल मी कोणाजवळ कधी बोललेही नव्हते.

मग प्रत्येक ओळीपुढे 'ह' किंवा 'न' लिहा. माझ्या हातात थोडं तरी आहे तिथे 'ह', अजिबात नाही तिथे 'न'. पाणीपुरवठा 'न' आहे, पण टाकीची क्षमता 'ह' असू शकते. ही खूण सावकाश करा, शेवटी हिचा उपयोग होणार आहे.

पायरी २: शरीराची हजेरी

मन आपली बाजू मांडत राहतं, शरीर सरळ सांगतं. १४ दिवस रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट ठेवा, अंगठ्याने मोजू नका, अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते. पूर्ण ६० सेकंद मोजा. मोठ्या माणसाची विश्रांतीची नाडी साधारण ६० ते १०० असते, पण आपल्याला त्या मर्यादेपेक्षा स्वतःचा नेहमीचा आकडा हवा आहे. माझा ७० ते ७३ असतो. तो सलग तीन दिवस ८० च्या वर गेला की मी आदल्या तीन दिवसांची पानं उघडते. ताप, अपुरी झोप, रात्रीचं जागरण यांनीही नाडी वाढते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवायचं नाही. हातात स्मार्ट घड्याळ असेल तर त्याचे आकडे जरूर लिहा, मात्र त्यातली 'ताण' नावाची संख्या दुसऱ्याच्या घड्याळाशी ताडून पाहू नका.

रात्री झोपण्याआधी या गोष्टी लिहा: काल किती तास झोप झाली, मध्ये किती वेळा जाग आली आणि पुन्हा डोळा लागायला किती वेळ गेला, जेवण चवीने झालं की उरकलं, पोट ठीक होतं का, डोकं किंवा मान दुखली का, दात आवळले जात होते का. चहा किती कप झाला तेही लिहा. तंबाखू, सिगारेट, दारू असेल तर तेही, काहीही न लपवता. ताण वाढला की आधी चहाचे कप वाढतात असं माझ्या वहीत दिसलं. दोनाचे पाच होतात आणि त्या पाचामुळे झोप जाते, मग दुसऱ्या दिवशी सहा.

पायरी ३: परतीचा वेळ

ही पद्धतीतली मुख्य पायरी आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढी करा.

१४ दिवसांत ज्या ज्या प्रसंगाने तुम्ही हललात, तो लिहा. प्रत्येक प्रसंगापुढे तीन वेळा टिपायच्या. शरीर कधी शांत झालं. हातातल्या कामात लक्ष परत कधी लागलं. आणि मनातला वाद कधी थांबला. तिन्ही वेळा वेगवेगळ्या असतात, आणि सगळी माहिती त्या फरकातच असते.

माझ्या वहीतला एक प्रसंग. सकाळी ११:२० ला एका खातेदाराने सगळ्यांसमोर आवाज चढवला. केवायसीची कागदपत्रं तिसऱ्यांदा मागितली म्हणून तो चिडला होता, आणि खरं तर त्याचं बरोबर होतं. ११:४० ला हातांची थरथर थांबली. १२:१० ला पुढचे व्हाउचर नीट तपासायला लागले. पण मनात त्याला उत्तरं देणं रात्री पावणेदहापर्यंत चाललं होतं. भाकरी थापताना, अण्णांच्या तोंडात औषध घालताना, मी काउंटरवरच उभी होते. म्हणजे शरीर वीस मिनिटांत परतलं, काम पन्नास मिनिटांत, मन साडेदहा तासांत.

माझ्या मैत्रिणीचं याच्या अगदी उलट निघालं. ती शाळेत शिकवते. पालकांशी भांडण झालं तरी दहा मिनिटांत मनातून काढून टाकते, पण तिचं पोट दोन दिवस बिघडलेलं असतं. तिने वर्षभर आम्लपित्ताच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि या दोन गोष्टी कधी जोडल्या नव्हत्या. दोघींना उपाय अर्थातच वेगळे लागले.

प्रसंग लिहिताना त्याची जात लिहा: अपमान, घाई, पैसा, आजारपण, एकटेपणा, अन्याय. १४ दिवसांच्या शेवटी एकाच जातीचे प्रसंग एकत्र लावा. प्रत्येक ताणाला माणूस सारखाच पुरा पडतो असं नसतं. आमच्या शाखेतले एक सहकारी रोकड कमी आली तरी घाम येऊ देत नाहीत, शांतपणे नोटा पुन्हा मोजतात. पण घरून "लगेच या" असा फोन आला की त्यांना पुढचे दोन तास काही सुचत नाही. अशा माणसाला एकच गुण देऊन काय कळणार?

आकडा किती असावा, हे सगळे विचारतात. सगळ्यांना लागू होईल असं कोष्टक माझ्याजवळ नाही. पण मी असा अंदाज बाळगते: रोजची किरकोळ चकमक त्याच दिवशी झोपेपर्यंत मिटावी. दोन-तीन दिवसांच्या कटकटीनंतर आठवड्याच्या आत झोप आणि भूक जागेवर यावी. लहान प्रसंग सलग दोन-तीन रात्री उरत असतील तर खातं थकायला लागलं आहे.

पायरी ४: मागचं खातं उघडा

आजवरची तीन मोठी संकटं निवडा. नापास होणं, नोकरी जाणं, गर्भपात, धंदा बुडणं, आई जाणं, काहीही. प्रत्येकासाठी एक पान. त्यावर चार प्रश्नांची उत्तरं: पहिल्या आठवड्यात मी काय केलं? कोण उभं राहिलं? सर्वांत आधी काय परत आलं, भूक, हसू, झोप की काम? आणि पूर्ण सावरायला खरोखर किती महिने गेले?

शेवटच्या प्रश्नाला आठवणीवर अवलंबून राहू नका. जुने फोटो, बँकेचं पासबुक, दवाखान्याच्या फायली पाहा. आई गेल्यावर मी "महिन्याभरात सावरले" असं कायम सांगत आले. पासबुक पाहिलं तर आठ महिने मी वाणसामानाशिवाय एक साडीसुद्धा घेतली नव्हती.

ही पायरी जड आहे. एखादं पान लिहिताना छाती भरून आली, जुना प्रसंग डोळ्यांपुढे घडतो आहे असं वाटलं, तर वही तिथेच मिटा. हिंसा किंवा अत्याचाराचे अनुभव एकट्याने या वहीत उकरायचे नाहीत, त्यासाठी जाणकार माणूस समोर बसलेला हवा.

पायरी ५: माणसं मोजा

हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेली जी मुलं होती, त्यांतलीही सुमारे एकतृतीयांश पुढे सक्षम, प्रेमळ, आत्मविश्वासाची माणसं झाली. या मुलांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे जवळचं, भरवशाचं निदान एक मोठं माणूस. ते आईवडीलच असायचे असं नाही, आजी असेल, मावशी असेल, शिक्षक असेल. उभारी आपल्या एकट्याच्या छातीत असते या समजुतीला यामुळे चांगलाच धक्का बसतो.

तर पुढच्या प्रश्नांपुढे खरी नावं लिहा. रात्री दोनला दवाखान्यात न्यायला कोणाला उठवाल? वीस हजार रुपये उद्या हवे असतील तर कोणाला मागाल? सल्ला न देता नुसतं ऐकून कोण घेतं? कोणासमोर रडलात तर लाज वाटणार नाही? कोणाबरोबर पोट धरून हसता?

आता ज्यांच्याशी गेल्या ३० दिवसांत बोलणं झालं आहे, तेवढ्याच नावांभोवती गोल करा. "ती काय, कधीही फोन केला तरी धावून येईल" अशी नावं बहुधा गोलाबाहेर राहतात. सगळ्या प्रश्नांपुढे एकच नाव, बहुतेक वेळा बायकोचं, असेल तर तेही लिहून ठेवा. असं पुष्कळ पुरुषांच्या वहीत दिसलं. ती आजारी पडली किंवा तिच्याशीच बिनसलं तर एकही रकाना भरलेला उरत नाही. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलामुलींनी रात्री दोनच्या प्रश्नापुढे त्याच गावातलं माणूस लिहावं. आई फोनवर धीर देईल, दवाखान्यात नेऊ शकणार नाही.

पायरी ६: दोन छोट्या चाचण्या

आतापर्यंतचं सगळं आपल्याच शब्दांत होतं. आता एक बाहेरचा काटा लावू. २००८ मध्ये ब्रूस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी सहा विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती नेमकी परत येण्याची क्षमता मोजते. विधानांचा आशय मी माझ्या शब्दांत देते, हा अधिकृत अनुवाद नाही. १ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे पूर्ण पटतं.

(१) कठीण काळ सरला की मी लवकर सावरते. (२) ताणाचे प्रसंग निभावणं मला जड जातं. (३) ताणातून बाहेर यायला मला फार वेळ लागत नाही. (४) काही वाईट घडलं की पुन्हा उभं राहणं मला अवघड होतं. (५) अवघड दिवस मी सहसा फारशा त्रासाविना पार पाडते. (६) आयुष्यात बसलेले फटके विसरायला मला खूप काळ लागतो.

२, ४ आणि ६ या विधानांचे गुण उलटे धरायचे: दिलेला आकडा ६ मधून वजा करा. मग सहाही आकड्यांची बेरीज करून ६ ने भागा. ३ पेक्षा कमी आलं तर उभारी कमी, ३ ते ४.३० नेहमीसारखी, त्याच्या वर चांगली असं मानतात. त्या एप्रिलमध्ये माझी बेरीज १३ होती, म्हणजे सरासरी २.१७. आकडा पाहून मला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं. निदान काहीतरी खरं कागदावर आलं होतं.

दुसरी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी पाच प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा मन आनंदी होतं, शांत निवांत वाटलं, अंगात उत्साह होता, सकाळी ताजंतवानं वाटून जाग आली, आणि दिवसात मन रमेल असं काही होतं? प्रत्येकाला ० (कधीच नाही) ते ५ (सतत). बेरीज २५ पैकी १३ पेक्षा कमी आली तर उभारीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्यात असलेल्या माणसाची उभारी मोजणं म्हणजे ताप असताना पळण्याची शर्यत लावणं.

पायरी ७: दुसऱ्याच्या डोळ्यांनी

दोन माणसांना विचारा, एक घरातलं आणि एक कामावरचं. प्रश्न एकच: "मी ताणात असले की तुला आधी काय दिसतं?" उत्तर आलं की वाद घालायचा नाही, खुलासा द्यायचा नाही, "बरं" म्हणून लिहून घ्यायचं.

माझी वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही भांडी घासायला लागता." मला काहीच कळेना. तिने सांगितलं की बाई येऊन गेली असली तरी मी स्वच्छ डबे पुन्हा काढून घासत बसते. आता डब्यांना हात लागला की मला कळतं. नाडीच्याही दोन दिवस आधी कळतं.

वही वाचायची कशी

१५ व्या दिवशी सगळं समोर घ्या. बेरीज करून एक गुण काढण्याच्या फंदात पडू नका, भार आणि परतीचा वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहा.

भार मोठा आहे आणि परतीचा वेळ ठीक आहे, असं असेल तर तुमची ताकद चांगली आहे, ओझं कमी करायला हवं. 'ह' खुणेच्या ओळींकडे जा. अशा माणसांना लोक ध्यान करा, सकारात्मक राहा असं सांगतात, तेव्हा मला राग येतो. ज्याच्या डोक्यावर तीन माणसांचं काम आहे त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगू नये, एक काम उतरवून घ्यावं.

भार फारसा नाही, तरी परत यायला दिवस लागतात, असं असेल तर मनाआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ आहे, तिला जिना चढूनच धाप लागते, ती सासरच्या टोमण्यांतून लवकर सावरणार कशी? चाळिशीच्या पुढच्या बायकांनी पाळीतले बदलही डॉक्टरांना सांगावेत, झोप उडण्यामागे ते असू शकतात.

काम वेळेवर परत येतं पण मन किंवा शरीर मागे राहतं, ही माझी जात. बाहेरून ओळखू न येणारी म्हणून सर्वांत फसवी. मनातला वाद लांबत असेल तर तो कागदावर किंवा माणसाजवळ बाहेर काढावा लागतो. विचारांना प्रश्न विचारण्याची पद्धत समुपदेशकाकडून शिकता येते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी लोकांना चांगली ओळखीची आहे, तिच्यात हेच शिकवतात. शरीर मागे राहत असेल तर चालणं, स्नायू सैल सोडणं, जेवणाच्या वेळा सांभाळणं याचा आधी उपयोग होतो. आणि एकाच जातीच्या प्रसंगात अडकायला होत असेल, तर त्या जातीचं मूळ बहुधा चौथ्या पायरीच्या पानांवर सापडेल.

भार जास्त आणि तिन्ही परती लांबलेल्या असतील, तर थांबा. या अवस्थेत स्वतःला सुधारण्याचा नवा कार्यक्रम हाती घेतला की तोही एक भार होतो. रजा, मदत, झोप, आणि जाणकाराची भेट, एवढंच.

एकच बदल, आणि पुन्हा मोजणी

वहीतून दहा बदल सुचतात. एक निवडा आणि सहा आठवडे करा. मी आठवड्यातले दोन दिवस अण्णांची संध्याकाळ भावाकडे दिली. ते मागायला मला चौदा दिवसांच्या वहीचा पुरावा हातात लागला, त्याशिवाय मी मागितलंच नसतं. भाऊ म्हणाला, "तू कधी बोललीस का?" खरंच बोलले नव्हते.

सहा आठवड्यांनी फक्त तिसरी आणि सहावी पायरी पुन्हा करायची, तिसरी सात दिवसच. तेच प्रश्न, त्याच वेळा. त्यानंतर वर्षातून दोनदा पुरे. मी जून आणि नोव्हेंबर धरते, मार्चच्या आसपास मुद्दाम मोजत नाही.

या वहीने भागणार नाही अशा वेळा

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, दारू किंवा गोळ्यांशिवाय दिवस जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मोजत बसू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर जवळच्या माणसाला आत्ता, याच क्षणी सांगा आणि एकटं राहू नका. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. खर्चाची काळजी असेल तर आरोग्य विम्याची पॉलिसी काढून पाहा: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. आणि छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम असं काही झालं तर "ताण असेल" म्हणून घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

गेल्या नोव्हेंबरच्या माझ्या मोजणीत सरासरी ३.३३ आली. अपमानाच्या प्रसंगात मन अजूनही उशिरा परततं, सरासरी चार तास. अण्णांच्या तब्येतीच्या प्रसंगात मात्र शरीर, काम आणि मन आता तासाभरात परत येतात. डबे त्या पंधरवड्यात एकदाच घासले.

वही मी कपाटात विम्याच्या आणि दवाखान्याच्या फायलींच्या शेजारी ठेवते, आणि प्रत्येक मोजणीच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात तारीख, वजन आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहिते.